‘खुकरी’वरच्या १९४ जणांसाठी : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

वाचनालयाच्या बैठकीत विषय मंजूर झाला. येत्या ९ डिसेंबरला १९७१ च्या युद्धात बुडालेल्या ‘आयएनएस खुकरी’वरच्या नौसैनिकांचं स्मरण करायचं आणि ते एका संध्याकाळच्या भाषणावर आटपायचं नाही. तीन कामं धरली आहेत. जहाजाची लाकडी प्रतिकृती, त्या रात्रीचा नकाशा आणि गेलेल्या सगळ्यांची नावं, मराठीत आणि कन्नडात. नावांचा फलक वाचनालयाच्या भिंतीवर कायमचा राहील.

बैठकीत एकानं विचारलं, आपला खानापूर तालुका घाटावरचा, इथं नौदलाचं काय? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडं भरती म्हटलं की बेळगावचं मराठा सेंटर डोळ्यांपुढं येतं. विमानदल म्हटलं तर सांबरा. प्रत्येक गल्लीत एखादा तरी फौजी निघतो, पेन्शनीच्या दिवशी बँकेत त्यांची रांग असते. नौदलात गेलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून १९७१ चं युद्ध आमच्या कट्ट्यावर सांगितलं जातं ते सगळं जमिनीवरचं असतं. समुद्रावर काय घडलं ते सांगणारा कुणी नाही, म्हणून पोरांना ते ठाऊक नाही. हे काम हाती घेण्याचं माझं कारण एवढंच आहे.

मूळ हकिकत इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या कामाला एकच आधार राहील. ९ डिसेंबर १९७१, गुरुवार. दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर, रात्री पावणेनऊच्या सुमारास पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं टॉर्पेडो (पाण्याखालून जाणारं स्फोटक अस्त्र) मारून ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं बुडवलेली ही पहिली युद्धनौका. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला मामांकडं गेलो. मामा म्हणजे गावातले निवृत्त नौसैनिक, सगळा गाव त्यांना मामाच म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ आहे. १९७१ ला ते दुसऱ्या जहाजावर इंजिन रूमला होते. प्रकल्पाचं सांगितलं तर बराच वेळ बोलले नाहीत. मग मामींना म्हणाले, “च्या टाक परत, ह्यो आज लवकर उठत न्हाई.”

त्यांनी जे सांगितलं त्यातलं दोन गोष्टींचं टिपण करतो.

पहिली इंजिन रूमची. जहाजाचं पोट लहान लहान खोल्यांत वाटलेलं असतं. खाली बॉयलर, इंजिन, त्याच्या आसपास मेस डेक, जिथं पोरं जेवतात आणि निजतात. वर यायला अरुंद लोखंडी शिड्या आणि शिडीच्या डोक्यावर हॅच, म्हणजे चाक फिरवून बंद होणारं लोखंडी झाकण. एका वेळी एकच माणूस निघू शकतो. दिवे गेले, जहाज कललं, की शिडी आडवी होते आणि वर कुठं, खाली कुठं ते कळत नाही. “वाचलेले बहुतेक वरचे असनार, बग,” मामा म्हणाले. “खालच्याला टायमच मिळत न्हाई.” असं म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी हॅचचं चाक फिरवून दाखवलं, डावीकडून उजवीकडं. चाक कितीदा फिरवावं लागतं ते त्यांच्या हातांना अजून पाठ आहे.

दुसरी त्यांच्या एका सोबत्याची. ट्रेनिंगला दोघं एकत्र होते, सोबती पुढं ‘खुकरी’वर गेला. युद्ध संपल्यावर रजेत मामा त्याच्या गावी जाऊन आले. आई दारात बसलेली. तिनं रडणं वगैरे काही केलं नाही. एकच विचारत राहिली, त्याला जाताना कुणी बघितलं काय? मामांनी बघितलं नव्हतं. प्रेत आलं नाही म्हणून घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला होता, तेरावं घातलं होतं. पण कुणी बघितलं नाही म्हणून आईनं तो गेला असं मानलं नाही.

मामा कार्यक्रमाला येतो म्हणाले. भाषण करणार नाहीत.

२० ऑक्टोबर

प्रतिकृतीचं काम सुतारमामांनी घेतलं. मजुरी घेणार नाहीत, लाकूड मात्र वाचनालयाचं. शिवणीचं लाकूड ठरलं. हलकं असतं, धार चांगली घेतं, तडकत नाही.

प्रमाण १ः१००. जहाज सुमारे ९४ मीटर लांब आणि १० मीटर रुंद होतं, म्हणजे प्रतिकृती ९४ सेंटिमीटर लांब आणि १० रुंद. मापं हातात आल्यावर सुतारमामांनी पहिलंच विचारलं, “येवढं निमुळतं? लाटेवर टिकतंय कसं?” टिकत असे. ही ब्लॅकवूड जातीची फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची युद्धनौका, ब्रिटनमध्ये बांधलेली, १९५८ ला नौदलात आली. पाणबुड्या शोधून मारणं हेच तिचं काम. धुराडं एक, खाली फिरणारा पंखाही एकच. विमानांवर रोखायला ४० मिलिमीटरच्या तोफा आणि पाणबुडीवर बॉम्ब फेकायला तीन नळ्यांचे ‘लिंबो’ मॉर्टर.

या मॉर्टरचा पल्ला जेमतेम किलोमीटरभर. ‘हंगोर’ ही फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हाची नवी पाणबुडी. तिचे कान लांबचं ऐकत आणि टॉर्पेडो कित्येक किलोमीटरवरून सुटे. म्हणजे शिकाऱ्याला जवळ जाणं भाग होतं आणि सावज लांबूनच मारू शकत होतं. हे माहीत असून नौदलानं जहाजं पाठवली, कारण पाणबुडी त्या टापूत आहे याचा सुगावा लागला होता आणि तिला मोकळं सोडलं असतं तर मुंबईकडं येणारी-जाणारी सगळी वाहतूक धोक्यात आली असती. ‘खुकरी’वर सोनारची (आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची) ताकद वाढवण्याचा एक प्रयोगही चालू होता, त्यासाठी वेग कमी ठेवला होता. हा निर्णय बरोबर की चूक यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या वादात आपण पडायचं नाही असं मी ठरवलंय. आपला विषय जहाजावरची माणसं आहेत.

२७ ऑक्टोबर

यादीवरून बैठकीत बरीच चर्चा, थोडी चढ्या आवाजात. तरुण मंडळाच्या पोरांचं म्हणणं, मध्ये कॅप्टन मुल्लांचं मोठं छायाचित्र लावू, भोवती नावं बारीक अक्षरांत. फ्लेक्सवाला एका दिवसात करून देतो.

पोरांची भावना चांगली आहे. कॅप्टन मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं, लोकांना समुद्रात ढकलून वाचवलं आणि स्वतः ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागी, राहिले. हे पुन्हा पुन्हा सांगायलाच हवं. २००० साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण त्यांनी जे केलं ते आपल्या माणसांसाठी केलं. त्या माणसांची नावं भिंगातून वाचावी लागत असतील तर कॅप्टनचाही मान आपण राखला नाही, असं मला वाटतं आणि बैठकीत मी ते तसंच बोललो.

ठरलं ते असं. फ्लेक्स नाही, लाकडी फळ्या. सगळी नावं एकाच आकाराच्या अक्षरांत. हुद्द्याप्रमाणे न लावता अकारविल्हे. कॅप्टनचं नाव ‘म’मध्ये महेंद्रनाथ म्हणून येईल, मागं-पुढं एखादा आचारी असेल, एखादा इंजिन रूमचा पोरगा असेल. हुद्दा नावाखाली लिहायचा.

नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या नोंदींवरून घ्यायची. तिथं त्यागचक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि मोहिमांत गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. २०१९ ला स्मारक खुलं झालं तेव्हा ती २५,९४२ होती.

२ नोव्हेंबर, पाडवा

दिवाळीत आमच्याकडं पोरं किल्ले करतात, त्यात कुणी मागं राहत नाही. दरसाल प्रतापगड, पन्हाळा, राजहंसगड. यंदा शाळेजवळच्या पोरांनी किल्ल्याऐवजी समुद्र केला. मी नकाशाचं काम कुणाला द्यावं या विचारात होतो, तर हेच पुढं आले.

शाळेच्या आवारात एक फुटाला ५० किलोमीटर असं प्रमाण धरलं. एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला कराची, अंतर साधारण अठरा फूट. तांबड्या मातीचा सौराष्ट्र, त्याच्या खालच्या टोकाला दीव, आणि समुद्रासाठी चुन्यात नीळ कालवून सारवण. काठावर पांढऱ्या रांगोळीची लाट. किल्ल्यावर मावळे मांडायची सवय असल्यामुळं एकानं कराचीला दोन मावळे ठेवले होते, ते काढायला लावले.

‘खुकरी’ची जागा दाखवायची वेळ आली. ४० सागरी मैल म्हणजे ७४ किलोमीटर, म्हणजे दीवपासून दीड फूट. सातवीतल्या एकानं तिथं खिळा रोवला, टेप मागं ओढून परत लावला आणि म्हणाला, “सर, येवढंच? मग पोहत का न्हाई आले?”

त्याला खानापूरच्या बसस्टँडवरून सांगितलं. इथून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. तेवढं अंतर तीनदा, डिसेंबरच्या रात्री, पाण्यातून, अंगावर तेलाचा थर, कुणाला मार लागलेला, कुठल्या बाजूला किनारा आहे ते दिसत नाही. जहाज काही मिनिटांत गेलं. बरोबरच्या ‘किरपाण’ या आपल्याच जहाजावर आधी सोडलेला टॉर्पेडो लागला नव्हता, पण पाणबुडी अजून खालीच होती, त्यामुळं तिथं थांबून माणसं उचलणं म्हणजे तेही जहाज देणं. मदत आली ती दुसऱ्या दिवशी, नौदलाचं ‘कच्छल’ जहाज घेऊन. तोवर जे तरंगत राहिले ते सदुसष्ट.

पोरगा मग खिळ्याकडं बघत बसला. नंतर त्यानं स्वतःहून तिथं कागदी झेंडी लावली. नकाशा पावसानं जाऊ नये म्हणून वर ताडपत्री बांधली आहे, पण महिनाभर तो टिकणार नाही. छायाचित्रं काढून घेतली. डिसेंबरात वाचनालयासमोर पुन्हा करायचा, तीच पोरं करतील.

१० नोव्हेंबर

फळ्या कशा मांडायच्या याचा विचार करत देवळामागच्या तळ्याकडं गेलो. तिथं दोन वीरगळ आहेत. आमचा सगळा टापू कदंबांचा, हलशी त्यांची राजधानी होती, त्यामुळं असे दगड शेतांच्या बांधावरही सापडतात. लोक शेंदूर लावतात, नाव कुणालाच सांगता येत नाही. खालच्या चौकटीत पडलेला वीर, त्याच्या वर लढाई, आणखी वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, शेंड्याला शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच माणूस.

समुद्रात लढून मेलेल्यांसाठीही आपल्याकडं वीरगळ आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची झुंज कोरली आहे. गोव्यातही कदंबांच्या काळातले नौकांचे वीरगळ सापडले आहेत. ज्याचं प्रेत आलं नसेल त्याचाही दगड गावात उभा राहत होता. हजार वर्षांपूर्वी जे केलं गेलं ते आपण करू शकतो.

म्हणून फळ्या आडव्या न लावता उभ्या, एकावर एक. वर कमळ-तोरण काही नाही. सगळ्यात खाली प्रतिकृती एका फडताळात, नजर वाकवून बघावी लागेल अशी. सुतारमामांना चित्र काढून दिलं. त्यांनी ते दोनदा उलटंसुलटं बघितलं आणि फडताळाला पुढून काच लागेल म्हणाले. काचेचा खर्च धरला नव्हता, धरला.

१७ नोव्हेंबर

सुगी जोरात. भातकापणीत सगळे अडकलेत, बैठक झाली नाही. प्रतिकृतीचं बूड तासून झालंय.

२४ नोव्हेंबर

नावं लिहिण्याचं काम निम्म्यावर. मराठी अक्षर निवृत्त गुरुजींचं, कन्नड अक्षर कन्नड शाळेच्या टीचरांचं. दोघं समोरासमोर बसतात. मध्ये एक पोरगी इंग्रजी यादीतलं नाव मोठ्यानं वाचते, दोघं आपापल्या लिपीत कागदावर उतरवतात, मग फळीवर. केरळच्या नावांना टीचर आधी पोचतात, पंजाबी नावं मामा सोडवतात. “हे असं न्हाई म्हनत, आमच्या मेसमध्ये ह्येच नावाचा एक होता,” असं म्हणून ते उच्चार करून दाखवतात. ज्या नावाची खात्री नाही त्याच्यासमोर पेन्सिलीची फुली. फुली असलेलं नाव फळीवर चढवायचं नाही.

टीचरांनी एक सूचना केली ती फार चांगली वाटली. एका फळीवर मराठी, दुसऱ्या फळीवर कन्नड अशी वाटणी करायची नाही. प्रत्येक नाव दोन्ही लिपींत शेजारी-शेजारी. आमच्या भागात फलक म्हटला की आधी कुठली भाषा, वर कोण, खाली कोण, हेच निघतं आणि ते दुखणं जुनं आहे, माझंही आहे. या फलकावर मला ते नको होतं. एका ओळीत मराठी आधी, पुढच्या ओळीत कन्नड आधी, असं ठरलं.

दुपारी पोरांनी विचारलं, पाकिस्तानचे किती गेले? मी टाळलं नाही. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्यात त्यांची ‘खैबर’ ही युद्धनौका बुडाली, दोनशेहून अधिक माणसं गेली. विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’ पाणबुडी बुडाली, आतले नव्वदहून अधिक होते, एकही वाचला नाही. युद्ध त्यांनी लादलं हे खरं आणि त्यांच्याही आया दारात बसल्या हेही खरं. कार्यक्रमात त्यांच्यासाठी एक वाक्य असेल. समितीतल्या दोघांना हे पटलेलं नाही. मामांना विचारलं, ते म्हणाले, “पान्यात पडल्यावर सगळे सेलरच.” वाक्य राहणार.

१ डिसेंबर

फुल्या संपल्या. १९४ नावं फळ्यांवर चढली. १८ आणि १७६ अशी बेरीज गुरुजींनी आणि टीचरांनी वेगवेगळी करून ताडून बघितली.

गावच्या एका भाच्यानं दीवहून छायाचित्रं पाठवली, तो तिकडं वापीला कामाला आहे. टेकाडावर समुद्राकडं तोंड करून काचेच्या घरात ‘खुकरी’ची प्रतिकृती आहे. नंतर त्याच नावाची दुसरी ‘खुकरी’ माझगाव डॉकमध्ये बांधली, १९८९ ते २०२१ नौदलात होती. निवृत्तीनंतर ती दीवला दिली, आता तिथं संग्रहालय म्हणून आहे. छायाचित्रं सुतारमामांना दाखवली. त्यांनी मोठी करून बघितली आणि आपल्या प्रतिकृतीचं धुराडं आणखी थोडं मागं कललेलं केलं.

मुंबईच्या मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ६,५०० जणांची नावं तिथं नोंदवहीत आहेत. त्यात आपल्या भागातलं कुणी आहे का हे बघायचं काम पुढच्या वर्षासाठी टाकून ठेवलं.

४ डिसेंबर, नौदल दिन

शाळेत मामांना बोलावलं होतं. गाठी मारून दाखवल्या. पोरं घरी जाऊन दावणीला त्याच गाठी मारत होती, असं पालक सांगतात.

९ डिसेंबर, सोमवार

बेळगावात आजपासून विधिमंडळाचं अधिवेशन, रस्त्यावर बंदोबस्त, त्यामुळं शहरातून येणारे काही माजी सैनिक पोचू शकले नाहीत. गावातले मात्र सगळे आले. मराठा रेजिमेंटचे पेन्शनर डोक्यावर टोप्या घालून पुढच्या रांगेत.

प्रास्ताविक थोडक्यात केलं. बरोबर पावणेनऊला नावं वाचायला सुरुवात झाली. कुणी वाचायचं हे आधी ठरवलं होतं: पोरं, फौजी, बचत गटाच्या बायका, टीचर, गुरुजी. प्रत्येकाला आठ-दहा नावं. एकच नियम ठेवला होता. नाव अडलं तर पुन्हा पहिल्यापासून नीट म्हणायचं, घाई करायची नाही. एका आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी नातीकडून आपली नावं पाठ करून घेतली होती. डोळे मिटून, प्रत्येक नावापुढं ‘बाळ’ लावून म्हणाल्या. तसं ठरलं नव्हतं. पुढच्या दोन बायकांनीही तसंच म्हटलं आणि कुणी अडवलं नाही.

पाकिस्तानी खलाशांसाठीचं वाक्य मी वाचलं. पुढच्या रांगेतले फौजी, त्यात १९७१ च्या लढाईत पाय जायबंदी झालेले सुभेदारही, उभे राहिले. ज्या दोघांना वाक्य पटलं नव्हतं तेही त्यांच्यामागं उभे राहिले.

मामांच्या वाट्याला शेवटची नावं. त्यांच्या सोबत्याचं नाव अकारविल्हे मध्येच येत होतं, पण त्यांनी ते मागून घेतलं नाही. ते सातवीतल्या त्या खिळेवाल्या पोरानं वाचलं. नंतर मामा त्याच्याजवळ गेले, उच्चार बरोबर केलास म्हणाले.

१५ डिसेंबर

हिशेब मिटवला. लाकूड, रंग, काच, खिळे, चहा. देणगी म्हणून आलेल्यात भागलं, थोडे पैसे उरले, ते फळ्यांना पॉलिशसाठी ठेवले. पावसाळ्याच्या आधी एक हात द्यावाच लागेल, पश्चिमेची भिंत ओल धरते.

नंदगड भागातल्या दोन शाळांनी नावांची यादी मागितली आहे, एक मराठी, एक कन्नड. गुरुजी आणि टीचर प्रती करून देणार. दोन्ही शाळांना दोन्ही लिपींतलीच प्रत द्यायची, वेगळी करायची नाही.

मामांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. ट्रेनिंगचा भाग झाला. इंजिन रूम आणि युद्धाचे दिवस राहिलेत. गुरुवारी सकाळी बोलावलंय, उन्हात बसून बोलू म्हणाले. प्रतिकृतीच्या इंजिन रूमची आतली मांडणीही त्याच वेळी त्यांच्याकडून काढून घ्यायची, सुतारमामा येणार आहेत.